छातीवर बसतं ते आणि घशात अडतं ते

आमच्याकडे आंब्याचा सीझन म्हणजे झोपेचं खोबरं हे ठरलेलंच, त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये मला जे झालं ते त्या झोपेपायीच झालं हे कळायला मला सहा महिने लागले आणि तोवर घरातली खरी काळजीची गोष्ट भलतीच निघाली. ओळखीतले कितीतरी जण आता मला फोन करून हळू आवाजात विचारतात, की तुला ते रात्री व्हायचं ना, जाग येते पण अंग हलत नाही ते, मलाही होतं, घरी सांगायला भीती वाटते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहून टाकते.

आमचं घर देवगड तालुक्यात, जामसंड्याच्या अलीकडे-पलीकडे म्हणा. लॉकडाऊनमध्ये ठाण्याची नोकरी सुटली ती मी घरीच राहिले आणि बागेचं, ऑर्डरींचं बघायला लागले. सीझनला दिवस असा जातो की पहाटे पाचला आंबे उतरवायचे झेले घेऊन बागेत, दुपारभर निवडणं, पेट्या भरणं, संध्याकाळी वाशीचा ट्रक गेला की मग घरगुती गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, आढीतली तयार फळं बाजूला काढायची, लेबलं लिहायची, पैसे आले की नाही बघायचं, यात रात्रीचे एक-दीड वाजतात. मी पडवीतच झोपायचे, आढीच्या शेजारी चटई टाकून, पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा तो गोडसर उबट वास नाकात घेऊन. तीन-साडेतीन तास झोप, ती पण उताणी, कारण कंबर इतकी धरलेली असायची की कुशीवर वळवायचंच नाही.

त्या रात्री पावणेचारचा सुमार असेल. मला जाग आली, म्हणजे डोळे उघडले, पडवीतला झिरोचा बल्ब दिसला, एकावर एक रचलेले क्रेट दिसले, वरच्या क्रेटवर माझी ओढणी टाकलेली होती ती पण दिसली. आणि मला हात उचलता येईना. आधी वाटलं हाताला मुंग्या आल्यात. मग पाय हलवायला गेले, नाही. मान, नाही. खळ्याच्या दारात कोणीतरी उभं होतं. तोंड नव्हतं त्याला, नुसती उभी काळी जागा, पण ते माझ्याकडे बघतंय हे मला आत्ता तुम्हाला लिहिताना जितकं पक्कं माहीत आहे तितकंच तेव्हा माहीत होतं. मग छातीवर ओझं आलं, तांदळाचं पोतं कुणी हळूहळू खाली सोडावं तसं, आणि मी श्वास घ्यायला गेले तर छाती उचलेचना. आईला हाक मारली. माझ्या कानाला माझी हाक ऐकू आली नाही. मी मेले, असंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कधीतरी उजव्या पायाचा अंगठा हलला आणि एकदम सगळं सुटलं. घामाने भिजले होते, आणि दारात कोणी नव्हतं, दाराला कडी होती.

पुढच्या नऊ दिवसांत हे चारदा झालं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, जास्त दमलीयस, दूध पिऊन झोप. आजीला सांगितलंच नव्हतं, पण तिने तोंड बघून ओळखलं. "बाय, तुका दाबल्यान मां?" एवढंच म्हणाली. मी रडायलाच लागले. तिने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, उशाखाली छोटी कोयती ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा’ पासून सुरुवात करून माझं नाव घेऊन, या चेडवाक रात्री कोण त्रास देता त्याची वाट बंद कर, आणि सगळ्यांनी मिळून व्हय म्हाराजा. या गोष्टीवर मला हसायचं नाही आणि कुणी हसलेलं आवडतही नाही. त्या दिवशी वीस माणसं माझ्यासाठी देवासमोर उभी राहिली, त्याने मला जो धीर आला तो खरा होता. आजीने अजून एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा मी कानाआड केली. "पाठीर निजा नको. कुशीर नीज." तिला स्वतःला हे माझ्या काकांच्या जन्मानंतर महिनाभर व्हायचं, बाळ रात्रभर जागवायचं, तिच्या सासूने तिला हेच सांगितलं होतं.

कोयती उशाशी असली तरी मला झोपायची भीती बसली होती. डोळे मिटले की आता परत होणार असं वाटायचं. म्हणून मी पडवीतून उठून आतल्या खोलीत बाबांच्या खोलीच्या दाराशी चटई टाकायला लागले, माणसाचा आवाज असला की बरं वाटतं म्हणून. आणि बाबांचा आवाज म्हणजे काय, घोरणं. लहानपणापासून ऐकत आलेय, पाहुणे आले की त्यावर बोलणं व्हायचंच, आजी तर म्हणायची "तो घोरता तां बरा, निदान गाढ निजता तरी." आई गेली दहा वर्षं माजघरात झोपते, त्या आवाजापायीच. म्हणजे दहा वर्षांत बाबांची झोप जवळून कुणी बघितलेलीच नव्हती.

मी जागी पडून ऐकत होते. घर्र घर्र चढत जायचं, चढत जायचं, आणि बंद. एकदम बंद. सुरुवातीला वाटलं कूस बदलली असेल. मग एक मोठा हिसका, म्हशीने पाण्यातून तोंड वर काढल्यासारखा आवाज, आणि परत घर्र घर्र. परत बंद. तिसऱ्या वेळी मी उठून मोबाईलचा टॉर्च खाली धरून बघितलं. बाबांचं पोट हलत होतं, छाती हलत होती, पोट वर तेव्हा छाती आत आणि छाती वर तेव्हा पोट आत असं उलटसुलट, जीव खाऊन ओढत होते, आणि नाकातोंडातून हवेचा आवाज शून्य. मी नाकाजवळ बोट धरलं. काही नाही. मोबाईलवर सेकंद मोजायला लागले, बावीस, तेवीस, चोवीस. एकतीसला हिसका आला. नंतरचा अडतीस सेकंदांचा होता. सकाळी बाबांना विचारलं, रात्री श्वास अडतो का हो तुमचा, तर म्हणाले, "माका काय जावक नाय." त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

इथे जरा थांबून सांगते, कारण हा फरक मला फार उशिरा समजला. माझ्या बाबतीत मेंदू जागा झालेला असायचा आणि शरीर झोपलेलं, आणि श्वास कोंडल्यासारखा वाटला तरी तो प्रत्यक्षात व्यवस्थित चालू असायचा. बाबांच्या बाबतीत श्वास खराखुरा बंद व्हायचा, शरीर झुंजायचं, आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. घाबरून गाव गोळा केला तो माझ्यासाठी. ज्यांच्यासाठी धावायला हवं होतं ते गाढ झोपलेत म्हणून आम्ही समाधानात.

माझ्या दुखण्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, झोपेतला लकवा म्हणा हवं तर, पण लकव्याशी त्याचा काही संबंध नाही, नाव ऐकून घाबरू नका. आपण झोपलो की रात्रभरात झोपेचे टप्पे येतात जातात, त्यातला एक टप्पा असा की बंद पापणीखाली बुबुळं भराभर फिरतात, आणि आपली ठळक स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला रेम झोप म्हणतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी हे पहिल्यांदा मांडलं, त्यातल्या अ‍ॅसेरिन्स्कींनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्र-रात्र कागदावर रेघा काढून घेतल्या होत्या. तर या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, पार ढिले, नाहीतर स्वप्नात पळतोय म्हणून आपण खरंच उठून पळालो असतो. या ढिलाईतून वाचतात ते डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा, म्हणजे पोट आणि छातीच्या मधला स्नायू. कधीकधी काय होतं, आपण शुद्धीवर येतो पण ही ढिलाई अजून उतरलेली नसते. डोळे उघडे, खोली दिसतेय, आणि स्वप्नाचं उरलेलं तसंच चालू, म्हणून दारात कोणीतरी उभं.

आणि छातीवरचं ओझं? ते मला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. त्या अवस्थेत बरगड्यांमधले स्नायू पण सैल असतात, श्वास फक्त पडद्यावर चाललेला असतो, हलका, उथळ, पण पुरेसा. आपण घाबरून मुद्दाम छाती फुगवून मोठा श्वास घ्यायला जातो, आणि छातीचे स्नायू ऐकत नाहीत. मेंदूला वाटतं कुणीतरी वरून दाबलंय. म्हणजे आपण जितकं झगडू तितकं ते ओझं जड होतं. हे ऐकल्यावर मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या हलकं वाटलं, खरंच सांगते, कारण माझी खरी भीती भुताची नव्हतीच, गुदमरून मरायची होती, आणि या प्रकाराने माणूस गुदमरत नाही. काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं, आणि आपोआप सुटतं.

शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं असा जगभरच्या पाहण्यांचा हिशोब आहे. झोप अर्धवट, वेळा बदलत्या, शिफ्टचं काम, ताण, आणि उताणं झोपणं, यात ते जास्त होतं. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते, आजी म्हणते ती वाईट वेळ ती हीच. प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळं नाव आहे. जपानमध्ये कानाशिबारी, म्हणजे लोखंडाने जखडल्यासारखं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये, तो पण आपल्यासारखाच मासेमारीवर जगलेला किनारा, तिथले लोक म्हणायचे म्हातारी येऊन छातीवर बसते. इंग्रजीतल्या नाइटमेअर शब्दातलं मेअर म्हणजे सुद्धा छातीवर बसणारं भूतच, घोडी नव्हे. एवढ्या लांबलांबच्या माणसांनी एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगितली, तर ती कल्पना नाही, अनुभव खरा आहे, फक्त आलेलं कोण ते प्रत्येकाने आपापल्या गावचं ठरवलं. आणि आजीचं ‘पाठीर निजा नको’ तर डॉक्टर पण तंतोतंत तेच बोलले, डाव्या किंवा उजव्या कुशीवर झोपा. मला तिथेच आजीला फोन लावावासा वाटला.

आता बाबांचं. मागे वळून बघितलं की वाटतं, आपण आंधळे होतो का. चार वर्षांपासून बीपीच्या गोळ्या, एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, बीपी खाली यायचं नाव नाही. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठणं, आम्ही म्हटलं शुगर असेल, शुगर तपासली तर नॉर्मल. सकाळी डोकं जड. चहा पिऊन वर्तमानपत्र उघडलं की मान खाली. आणि दशावतार! ज्या माणसाने आम्हाला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेतली नाटकं उजाडेपर्यंत दाखवली, तो माणूस नाटकाच्या सुरुवातीच्या आडदशावतारातला संकासुर यायच्या आधी खुर्चीत झोपलेला असायचा. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. अठ्ठावन्न म्हणजे काय वय? २०२१ च्या डिसेंबरात टेम्पो घेऊन नांदगाव तिठ्याकडे जाताना शिरगावच्या पुढे डुलकी लागली आणि टेम्पो गटारात उतरला, नशीब की समोरून कोणी येत नव्हतं. तेव्हापण दोष दिला तो उन्हाला, डिसेंबरच्या.

याच काळात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की झोप पुरत नाही हो, सकाळी उठल्यावर झोपलोच नाही असं वाटतं. तर झोपेची गोळी मिळाली. रात्री घोरता का, श्वास अडतो का, घरचं कुणी सोबत झोपतं का, एक प्रश्न नाही. मला याचा राग आहे आणि तो जात नाही, कारण झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, बाबांसारख्या माणसाला ती नेमकी नको असते. दारूचं पण तेच, सीझनला ट्रक सुटल्यावर कधीतरी बाबा थोडी घ्यायचे त्या रात्री अडण्याचे सेकंद वाढलेले मी माझ्या कानांनी मोजलेत. पण राग धरताना हे पण सांगायला हवं की आम्ही घरच्यांनी सुद्धा विचारलं नव्हतं, आणि डॉक्टरला सांगणार कोण, झोपलेल्या माणसाला स्वतःचं घोरणं माहीत नसतं.

मी तीन रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. आवाज आणि एक व्हिडिओ, पोट-छाती दिसेल असा. हे मात्र सगळ्यांनी करा, आपल्या तोंडी सांगण्यापेक्षा दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग जास्त काम करतं. बाबा तयार व्हायला ऑक्टोबर उजाडला, आधी सीझन, मग पाऊस, मग चतुर्थी, आमच्याकडे आजारपणाला पण तारीख बघावी लागते. शेवटी मी तो अडतीस सेकंदांचा व्हिडिओ त्यांना दाखवला. पूर्ण बघितला, काही बोलले नाहीत, मोबाईल उलटा ठेवला, आणि संध्याकाळी म्हणाले, कधी जायचं ते ठरव. फोंडा घाटातून राधानगरीवरून कोल्हापूर. छातीच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला, फितीने मान मोजली, जबडा बघितला, घशात टॉर्च मारला. बाबा जाडे नाहीत, म्हणून तर कुणाला शंका आली नाही, पण बारीक माणसाला पण हे होतं, ज्यांचा खालचा जबडा मागे आहे किंवा घसा मुळातच अरुंद आहे त्यांना. झोपेत जीभ मागे पडते, टाळूचा मऊ भाग खाली येतो, आणि नळी चिकटते. कमीत कमी दहा सेकंद श्वास बंद राहिला तर तो एक धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर गंभीर. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

तपासणीचं छोटं यंत्र घरी न्यायला दिलं, आम्ही कोल्हापुरातच नातेवाइकांकडे राहिलो, रात्री नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. रिपोर्ट आला, तासाला ४१. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट अडलेले श्वास धरून ४१. साडेसहा तासांच्या झोपेत अडीचशेच्या वर वेळा. ऑक्सिजन ७१ पर्यंत खाली गेला होता. कोविडमध्ये आपण सगळेच ऑक्सिजनचे आकडे पाठ झालेली माणसं आहोत, ९० च्या खाली गेला की बेड शोधायला धावायचो, आणि इथे माझे बाबा रोज रात्री ७१ ला जाऊन परत येत होते, किती वर्षं ते कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मेंदू धोक्याची घंटा वाजवून त्यांना दोन-चार सेकंद उठवायचा, म्हणून तो हिसका, आणि त्यांना ते आठवत नसायचं. अशी रात्र काढलेला माणूस दिवसा पेंगणार नाही तर काय करणार. बीपी उतरत नव्हतं ते पण याच्यापायी, शिवाय हृदयाचे ठोके चुकणं, पक्षाघात, या सगळ्याचा धोका याने वाढतो. लघवीला उठणं सुद्धा, श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी तयार करतं. त्या दिवशी एकेक गोष्ट जुळत गेली आणि आई खुर्चीत बसून नुसती पदर पिळत होती. परतताना गाडीत म्हणाली, मी माजघरात गेले नसते तर.

तिला मी तेव्हा पण सांगितलं आणि इथे पण लिहिते, तिची काही चूक नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला रात्री झोप हवीच.

उपाय म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे जगासमोर आणलं, सुरुवातीचं मशीन त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर बनवलं होतं, हवा ओढायच्या ऐवजी ढकलायला लावून. काम एवढंच, नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत देत राहायचा म्हणजे घसा चिकटत नाही. यात ऑक्सिजन नसतो, आपल्या खोलीतलीच हवा असते, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या वाडीत बातमी पसरली की बाबा ऑक्सिजनवर आहेत, आणि माणसं शहाळी घेऊन भेटायला यायला लागली.

आम्हाला ४२ हजार पडले. पैशापेक्षा जड गेली ती मिशी. बाबांची मिशी भरघोस, मास्क तिच्यावर बसला की कडेने हवा शिट्टी वाजवत सुटायची, डोळ्यांत वारा, रात्री दोनला मास्क काढून टाकलेला. पहिले पंधरा दिवस फक्त भांडणं. मग एका सकाळी बाबा परड्यात आरसा टांगून उभे राहिले आणि कात्रीने मिशी बारीक करायला लागले. चाळीस वर्षांची मिशी. आई न बोलता बाजूला चहा ठेवून गेली. त्या रात्री मास्क बसला. पावसात लाईट जाते त्यासाठी इन्व्हर्टर घेतला, लाईट नसेल तेव्हा मशीनचं पाणी गरम करणारं बंद ठेवायचं, तेच जास्त वीज खातं, बॅटरी मग सकाळपर्यंत पुरते.

मशीन नीट लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "आज सपान पडला माका." मग थोडं थांबून, "खाडीत कालवां काढत होतंय. लहान होतंय." घरात कोणी काही बोललं नाही. किती वर्षांनी त्यांना स्वप्न पडलं, किंवा पडलेलं आठवलं, त्यांनाच आठवत नव्हतं. नंतर कळलं की असं होतं, वर्षानुवर्षं मोडत आलेली रेम झोप मशीन लागल्यावर पुरासारखी परत येते. आठ महिन्यांनी बीपीची एक गोळी कमी झाली. लघवीला एकदाच उठतात. गेल्या वर्षीच्या जत्रेत नाटक संपल्यावर त्यांनीच मला हलवून उठवलं.

माझं म्हणाल तर अधूनमधून होतं अजून. सीझनला आणि चतुर्थीत, भजनं रात्री उशिरापर्यंत, पाहुण्यांनी घर भरलेलं, दोन दोनला झोपायचं. पण आता मी झगडत नाही. डोळे मिटून घेते, मोठा श्वास घ्यायचा प्रयत्नच करत नाही, पोटाकडे लक्ष देते, ते हलत असतं हे जाणवतं, आणि पायाचा अंगठा हलवायला बघते. दारातलं ते उभं असतं कधीकधी. असू दे. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सीझनमध्ये सुद्धा सहा तास झोपायचंच असं ठरवल्याचा, लेबलांना एक मुलगी ठेवली, तेवढे पैसे जातात.

कुणाला हे आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, किंवा जोरात हसलं की गुडघ्यातलं बळ जात असेल, तर मात्र डॉक्टरकडे जा, तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो. आणि रात्री दम लागून उठून बसावं लागतंय, पायाला सूज आहे, तर ते हृदयाचं असू शकतं, तिथे थांबूच नका.

परवा गावातल्या एका तांडेलदादाची बायको आली होती. दादा मला आधी बोलले होते, समुद्रावर असताना रात्री जाळी ओढायला मध्येमध्ये उठायचं, तुकड्या-तुकड्यात झोप, आणि बोटीत कोणीतरी छातीवर पाय देऊन उभं राहतं, बुडालेला कोणी असेल म्हणून ते दरवर्षी समुद्राला जादा नारळ सोडतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं, कुशीवर झोपायचं पण सांगितलं, बरं वाटलं म्हणाले. पण वहिनी त्यासाठी नव्हत्या आल्या. त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि म्हणाल्या, तू बाबांचं केलं होतंस ना तसं मी ह्यांचं केलंय, जरा बघ. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. तिसऱ्या मिनिटाला घोरणं थांबलं. आम्ही दोघी खळ्यात बसून मोजत राहिलो, वहिनी बोटांवर आणि मी मनात. सव्वीस झाले तेव्हा हिसका आला. गुरुवारी बाबांना मशीनच्या तपासणीला कोल्हापूरला न्यायचंय, गाडीत दोन माणसांची जागा आहे, दादांना बोटीवरून उतरवायचं काम वहिनींनी घेतलंय.